तीनदा वर, एंटर

२ ऑगस्ट २००३, शनिवार

वीट आला आहे. एवढंच लिहून वही मिटावी असं वाटतं. पण औषध कंपनीची ही डायरी फुकटात मिळाली आहे आणि चंद्रपुरात माझी कटकट ऐकून घेणारं दुसरं कोणी नाही.

सकाळी की-बोर्ड उलटा करून आपटला तर कोळशाची चमचाभर काळी भुकटी पडली. काल पुसलेलं टेबल आज काळं. शिंकलं तरी रुमाल काळा. त्यात देवरावजींचा तंबाखू-सुपारीचा खर्रा. देवरावजी आमच्या मंडळाचे व्यवस्थापक. तोंडात खर्रा धरून ते माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघतात, 'व्वा सुरेंद्र!' म्हणतात, आणि 'व्वा'सोबत सुपारीचा एक ओला तुकडा हमखास मॉनिटरवर येऊन बसतो. मॉनिटर पुसायला मी वेगळं फडकं ठेवलं आहे. ते फडकं बघूनसुद्धा मळमळतं.

मंडळाचं काम चांगलं आहे, ते नाकारत नाही. लालसू आणि आणखी चार कार्यकर्ते सायकलने जंगलातली गावं फिरतात, पोरांचं बोट टोचून रक्ताचा थेंब घेतात, सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे की नाही ते बघतात आणि चिठ्ठीवर लिहितात. चिठ्ठ्या मुलचेऱ्याच्या केंद्रावर जातात. तिथे धुरपता त्या संगणकात चढवते आणि फोनच्या तारेवरून मला पाठवते. ज्यांचा निकाल वाईट त्यांची पक्की तपासणी बल्लारपूरला, तिथल्या संगणकावर बिरजू. तीन गावं, तीन संगणक, आणि तिन्हींची धुणी धुणारा मी एकटा.

तिन्हींवर लिनक्स मीच चढवलं. काळी स्क्रीन, इंग्रजी कमांड टाइप करायची, माऊस नाही. पहिल्या दिवशी धुरपताला घाम फुटला होता. बारावी झालेली पोरगी, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली, रोजंदारीवर. तिला कमांड शिकवायच्या म्हणजे माझं आयुष्य गेलं असतं. तेव्हा मी युक्ती काढली आणि तिचा मला अजूनही अभिमान आहे. आपण टाइप केलेली प्रत्येक कमांड लिनक्स क्रमाने लक्षात ठेवतं, तिला हिस्टरी म्हणतात. वरच्या बाणाची कळ दाबली की मागची कमांड समोर येते, पुन्हा दाबली की तिच्या मागची. केंद्रावर रोज तीनच कमांड लागतात: नोंदींचं पान उघडणे, नोंदी तपासणे, नोंदी पाठवणे. नेहमी त्याच क्रमाने. म्हणजे कधीही तीनदा वर गेलं की पुढची हवी तीच कमांड येणार. म्हणून मी मंत्र दिला, तीनदा वर, एंटर. ते काम झालं की पुन्हा तीनदा वर, एंटर. वाचायचं नाही, विचार करायचा नाही. बिरजूलाही तेच. आठ महिन्यांत एक चूक नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

बल्लारपूरला जावं लागलं. बिरजूच्या मशीनवर जुन्या नोंदी चाळून काढायच्या होत्या. त्यासाठी लागणारी दीड ओळीची कमांड मी परवाच इथे रचली होती. तिथे बसल्यावर आठवेना. दोन तास डोकं खाजवलं. ती इथल्या मशीनच्या हिस्टरीत सुखाने पडली होती आणि मी तिथे घामाघूम. बिरजू विचारतो, "इंजिनियर साहब, आप भी भूलते हैं?" दात काढून हसतो वर. दातही लाल.

परतताना गाडीत सुचलं. तिन्ही मशीनची हिस्टरी एकच का असू नये? मी कुठेही बसून काहीही टाइप केलं तर ते बाकी दोन्हीकडे पोचावं. मग कुठेही बसा, वर बाण दाबा, आपलं डोकं आपल्यासमोर. नागपूरच्या एका कंपनीची जाहिरात आली आहे, तिला अर्ज करतोय. 'तीन गावांतल्या संगणकांवर एक हिस्टरी' असं काही त्यांना दाखवता आलं तर हा कोळसा सुटेल.

९ ऑगस्ट, शनिवार

मुलचेऱ्याला जाऊन आलो. आष्टीपर्यंत उभ्याने, पुढे एका कोंबड्यांच्या डालीला पाय टेकवून. बुटाला जे लागलं ते लिहीत नाही.

तिथे बघतो तर धुरपता प्रत्येक चिठ्ठी आधी रजिस्टरात हाताने उतरवते आणि मग संगणकात. डोकंच फिरलं. संगणक मग पूजेला आणला का, विचारलं.

"मशीनचा भरोसा नाई वाटत भाऊ," ती म्हणाली. "वहीत लिवलं तं डोळ्याले दिसते."

रजिस्टर बंद करायला लावलं. चिठ्ठ्यांचंही तेच. मागच्या महिन्यात बावीस पोरं दोनदा चढली होती, कारण चढवलेल्या चिठ्ठ्या आणि नव्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत. म्हटलं, चढली की फाड. लालसू दारात सायकल टेकवून उभा होता. तो फाडायच्या गठ्ठ्याकडे बघत राहिला.

"तुमी म्हंता तं बंद करीन," धुरपता म्हणाली. "फक्त काई चुकलं तं माह्यावर नका ढकलू. घरात माह्याच रोजीवर चालून राह्यलं. बाबाचे डोळे गेले, जाळं दिसत नाई त्यायले."

कोण कशाला ढकलतंय! येताना तिने सुकलेल्या झिंग्यांची पुडी दिली. बसमध्ये चार तास तो वास. आणलीच शेवटी. रात्री कांद्यात परतून खाल्ली, चांगली होती.

१३ ऑगस्ट, बुधवार

वाटलं तेवढं सोपं नाही. मशीन बंद करताना ते आपल्या हिस्टरीची फाइल नव्याने लिहून काढतं, बाहेरून आलेल्या ओळी गायब. चार दिवस यात गेले. शेवटी उपाय सापडला. बाहेरच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या आणि सकाळी मशीन सुरू होताना शेपटीला जोडायच्या.

दुसरी कटकट, ओळींना वेळ नसते. कोणती आधीची, कोणती नंतरची, कोणी कुठे टाइप केली, काही नाही. नुसत्या ओळी. हे लिहिणाऱ्यांच्या बुद्धीची कीव येते. पण मग वाटलं, बरंच आहे. एकच हिस्टरी म्हणजे एकच. कोणाची ते विचारायचंच कशाला?

देवरावजींना समजावून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे सगळ्याईचं डोस्कं एक. झकास!" आणि तुकडा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मुलचेऱ्याची फोनची तार म्हणजे किळस आहे. सोमवारपासून पावसाने तीन-चार मिनिटंच टिकते, मग खरखर, मग मेली. नोंदी जायला दहा मिनिटं लागतात, हिस्टरीला अर्धं मिनिट. म्हणून पाठवण्याच्या कमांडमध्ये क्रम बदलला, आधी हिस्टरी, मग नोंदी. हिस्टरी इवलीशी, तिच्यासाठी कोणाचं अडत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

धुरपताचा फोन. "भाऊ, नोंदी जाऊन नाई राह्यल्या. अर्ध्यावर तुटते." म्हटलं, जातील, उद्या पुन्हा बघ. तिची हिस्टरी मात्र रोज टकाटक येते. आज पहिल्यांदा चंद्रपुरात बसून तिच्या ओळी बघितल्या. पान उघडणे, तपासणे, पाठवणे. पान उघडणे, तपासणे, पाठवणे. माणूस की घाण्याचा बैल? तिकडून इकडे येतंय. इकडून तिकडे जायचं तेवढं जमायचं आहे.

२३ ऑगस्ट, शनिवार

साधलं!

दोन तास खोट्या नावांच्या नोंदी करून चाचणी घेतली. तिन्ही मशीनवर फोल्डरांची नावं मी अगदी सारखी ठेवलेली आहेत, ही माझी शिस्त, त्यामुळे चाचणी खऱ्यासारखी होते. झाल्यावर आपल्या हातचा कचरा आपण काढावा म्हणून तो 'नोंदी' फोल्डर इथून पुसून टाकला (केंद्रांकडून आलेल्या खऱ्या नोंदी इथे वेगळ्या फोल्डरात असतात), उरलेल्यांची यादी बघितली, डिस्कवर जागा किती ते बघितलं, आणि उठलो. साडेपाचला मुलचेऱ्याची लाइन लागली आणि माझी हिस्टरी सुखरूप तिकडे पोचली. पोचल्याची ओळ स्क्रीनवर दिसली तेव्हा टाळी वाजवली. शिपाई बघायला आला. नोंदी नेहमीसारख्या अर्ध्यावर तुटल्या.

सोमवारी सकाळी धुरपताचं मशीन सुरू होईल तेव्हा माझ्या ओळी तिच्या शेपटीला जोडल्या जातील. तिला त्यातलं काही कळणार नाही, ते सोडा. बल्लारपूर जोडणं बाकी आहे. नागपूरच्या अर्जात आज एक ओळ वाढवली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आजच्यासारखा घाणेरडा दिवस नाही. देवरावजींनी न सांगता पाहुणे आणले, नागपूरचे, मंडळाला पैसा देणारे. मला म्हणतात, "दाखव ते एक डोस्कं." मी दाखवायला बसलो तर मधेच स्वतःच बोलायला लागले. सिकलसेलचं सिकलसेन केलं, हिस्टरीचं मिस्टरी. परवा पोळा आहे. बैलांना सजवतील तेव्हा देवरावजींच्याही शिंगांना बेगड लावावी आणि गावात फिरवावं, तेवढेच ते उपयोगी. त्याच गर्दीत धुरपताचा फोन. "भाऊ, तीनदा वर गेली तं येगळंच आलं. लहानशी ओळ हाय. दाबू का?" म्हटलं, वाचायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं? दाब. "दाबू न भाऊ?" दाब म्हणतो ना! आपटला फोन. पाहुण्यांनी चहा मागितला तर दूध नासलेलं. नासलेल्या दुधाचा वास आणि खर्ऱ्याचा वास एकत्र झाला की काय होतं ते इथे येऊन हुंगावं. पाहुणे मात्र खूश. त्यातला एक मला म्हणाला, तुमच्यासारखा माणूस इथे कसा? मीही तेच विचारतो.

३० ऑगस्ट, शनिवार

सोमवारपासून मुलचेऱ्याची तार मेली आहे. नाल्याला पूर, खांब वाहून गेला. ना हिस्टरी, ना नोंदी. आठवडाभर बसून नुसता कोळसा पुसला.

२ सप्टेंबर, मंगळवार

तार जोडली. पहिला फोन धुरपताचा. नोंदींचं पान आठ दिवसांपासून उघडत नाही म्हणे. "तीनदा वर गेली तं आकडेच येते." मी म्हटलं हात लावू नको. नवीन चिठ्ठ्या फाडल्या नाहीत ना, विचारलं. नाही म्हणाली, त्या ठेवल्या आहेत. परवा जातो. पुन्हा ती बस.

४ सप्टेंबर, गुरुवार. मुलचेरा

'नोंदी' फोल्डर नाही.

पुन्हा पुन्हा बघितलं. नाही. हिस्टरीत खालून बघत गेलो तर ती ओळ आहे, आरएम, म्हणजे पुसणे, आणि पुढे 'नोंदी'. न विचारता, आतल्या सगळ्यासकट. अशा कमांडने गेलेलं परत येत नाही. तरी सहा तास प्रयत्न केले.

अकरा तारखेपासून तेवीसपर्यंतच्या नोंदी माझ्याकडे पोचल्या नव्हत्या, त्या फक्त इथे होत्या. कार्यकर्त्यांच्या रोजच्या मोजणीने तीनशे सत्तेचाळीस पोरं. चिठ्ठ्या फाडलेल्या. रजिस्टर नऊ तारखेला थांबलेलं.

धुरपता भिंतीला टेकून उभी होती. मी ही वही काढून दोन शब्द खरडत होतो तेवढ्यात तिने विचारलं, "तुमी रोज लिवता काय जी?" म्हटलं, तुला काय करायचंय. तू मशीनला काय केलंस ते सांग. ती म्हणाली, "तुमी सांगतलं तेच केलं." हे उत्तर इथली पोरं शाळेपासून देत आली आहेत. ऐकून अंगावर काटा येतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

देवरावजींना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खर्रा थुंकून दिला.

"कोनी केलं?"

म्हटलं, ओळ इथल्या आणि मुलचेऱ्याच्या, दोन्ही हिस्टरींत आहे. वेळ नाही, नाव नाही.

"तुमचं एक डोस्कं न! मंग कोनाच्या डोस्क्यानं केलं ते सांगा. नागपूरले रिपोर्ट पाठवा लागते. त्यात नाव लागते."

मग स्वतःच म्हणाले, मुलचेऱ्याचं गेलं म्हणजे मुलचेऱ्याचीने केलं. रोजंदारीची आहे, काढून टाकू, प्रश्न मिटला. माझा जबाब आणि तिचा जबाब लागेल, बस.

खरं लिहितो. ती ओळ मुळात माझी आहे, चाचणीच्या दिवसाची, हे मला कळतं. पण मी इथे पुसलं ते खोटं होतं. तिकडे ती ओळ आपोआप चालली नाही, कोणीतरी एंटर दाबलं. बंदूक कोणाची याला अर्थ नाही, चाप कोणी ओढला? नको तिथे बोट घालायची सवय, दुसरं काय. तरी आज जेवण गेलं नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

धुरपताला चंद्रपूरला बोलावलं होतं. एकटी आली नाही, आंधळे होत चाललेले वडील बरोबर. ते बाहेर बाकावर बसले आणि दर थोड्या वेळाने कोणाला तरी विचारत होते, "झालं काय जी पोरीचं?"

ती म्हणाली, तीनदा वर गेल्यावर वेगळी ओळ आली. "मी सुरेंद्र भाऊले फोन केला. भाऊ म्हनले दाब. मी दाबलं."

देवरावजींनी माझ्याकडे बघितलं. मला असा फोन आठवत नाही. ती रोजच फोन करते, कधी तार तुटली, कधी वीज गेली. प्रत्येक वेळी काय बोललो ते कोण लक्षात ठेवतो? मी जबाबात लिहिलं, 'असा फोन आल्याचे मला स्मरत नाही.' सही केली. तिने वाचलं. रडली नाही, भांडली नाही. फक्त विचारलं, "स्मरत नाही म्हंजे नाई आला, असं काय जी?"

मला तिचा राग आला. खोटं बोलायचं तर दुसऱ्याच्या अंगावर कशाला बोलायचं? आजच नागपूरचं मुलाखतीचं पत्रही आलं, वीस तारखेचं. देवरावजींचं प्रमाणपत्र सोबत हवं. धुरपताचा निकाल ते सोमवारी देणार आहेत, तेव्हाच प्रमाणपत्रही देतो म्हणाले.

११ सप्टेंबर, गुरुवार

लालसू आला. मुलचेऱ्यापलीकडून, अर्धा रस्ता सायकलने. पायाला चिखल तसाच, माझ्या खोलीत ठसे. मी ठशांकडे बघत होतो आणि तो सांगत होता.

"पोट्टे टोचू देत नव्हते भाऊ. पयल्यांदा गेलो तं जंगलात पळाले. मी जबान देली, एकदाच टोचीन, पुन्ना नाई. तवा हात देल्ला. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

त्याने कपाळाचा घाम पुसला.

"बुधरीची पोरगी हाय, पाच सालाची. हातपाय दुखते म्हनून रडते. चिठ्ठीवर काय लिवलं होतं, माय विचारते. मले आठवत नाई. त्या दिवशी पन्नास पोरं होती. गोळी द्याची का नाई द्याची, काय सांगू?"

जाताना दारात थांबला. "धुरपता बाई म्हने, भाऊ सगळं वहीत लिवते. तं पाहान न एकडाव. तिच्या फोनचं कुठी असन तं. गरीब हाय ते."

म्हटलं, बघतो. गेल्यावर ठसे पुसून घेतले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी वही उघडली. मागे मागे गेलो. आठ तारीख. चार. दोन. तीस ऑगस्ट.

पंचवीस ऑगस्ट.

'म्हटलं, वाचायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं? दाब. "दाबू न भाऊ?" दाब म्हणतो ना!'

माझं अक्षर. वर तारीख आहे, वार आहे. त्या दळभद्री मशीनला ओळीची वेळ ठेवता येत नाही म्हणून मी शिव्या दिल्या होत्या. इथे सगळं आहे. नासलेलं दूधसुद्धा आहे.

तिने वाचलं होतं. आठ महिने वाचू नको म्हणून सांगितलेल्या पोरीने वाचलं, वेगळं दिसतंय म्हणून थांबली, विचारलं, दोनदा विचारलं. आणि पुन्हा दाबल्यावर पुढे काय आलं असेल? उरलेल्यांची यादी, मग डिस्कवरचे आकडे. माझ्याच शेवटच्या तीन ओळी, ओळीने. ती बिचारी आकड्यांकडे बघत आठ दिवस तार लागायची वाट बघत बसली.

मागे आणखी गेलो. हिस्टरी आधी, नोंदी मग. रजिस्टर बंद. चिठ्ठ्या फाड. वाचायचं नाही. एकेक पान वाचताना शिसारी येत गेली. कोळशाची नाही, खर्ऱ्याची नाही, बसमधल्या वासाची नाही. हे सगळं लिहिणाऱ्या माणसाची. कोंबडी, बूट, तुकडे, ठसे, सगळं याने टिपलं आणि एका पोरीला फोनवर काय बोललो ते आठवत नाही म्हणून सही करून आला.

१३ सप्टेंबर, शनिवार

रात्रभर एकच गणित केलं, ते लिहून ठेवतो. वही कोणी बघितलेली नाही. लालसूला म्हणता येईल, नाही सापडलं. सोमवारी निकाल, प्रमाणपत्र, वीस तारखेला नागपूर.

सकाळी जटपुरा गेटजवळ झेरॉक्स काढली. पंचवीस तारखेचं पूर्ण पान. अर्धं झाकून काढता आलं असतं. दुकानदाराने विचारलंही, पूर्ण काढू का? पण अर्धं झाकलेलं पान कोण खरं मानणार?

देवरावजींच्या टेबलावर ठेवलं. जुना जबाब मागे घेतो असं लिहून खाली सही. त्यांनी वाचलं. वरून वाचत आले. सिकलसेन. मिस्टरी. मग पोळा. शिंगांपाशी आले तेव्हा त्यांचं तोंड चघळायचं थांबलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मग फोनपाशी आले असतील, कारण ते पुन्हा वरून वाचायला लागले.

वाचून झाल्यावर म्हणाले, "बेगड कोन्या रंगाची?"

त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

"पोरगी ऱ्हाईन," ते म्हणाले. "रिपोर्टात तुमचं नाव जाईन. नागपूरचं प्रमाणपत्र मी लिवू शकत नाई, तुमाले समजते. आन् लालसूसोबत तुमी जान. तीनशे सत्तेचाळीस. चिठ्ठ्या तुमी लिवान, रजिस्टर तुमी लिवान."

हो म्हटलं. निघालो तर मागून म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुमचं." त्यात टोमणा होता की नाही ते अजून कळलं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. मुलचेऱ्यापलीकडे

सहा गावं झाली. पायाला फोड. लालसू गावात शिरला की पोरं त्याच्याकडे धावायची, आता उभी राहून बघतात. प्रत्येक गावात तो मला पुढे करतो. मी म्हणतो, चूक माझी आहे, लालसूची नाही, याने दिलेली जबान मी मोडली. तो ते त्यांच्या माडिया बोलीत सांगतो. बायका माझ्याकडे बघतात आणि आपसात काहीतरी बोलतात. काय बोलल्या ते लालसू सांगत नाही.

बुधरीच्या पोरीने हात मागे लपवला. बुधरीने तो पुढे ओढला नाही, नुसती बसून राहिली. आम्हीही बसलो. तासाभराने पोरीने स्वतःच बोट दिलं, पण लालसूला. माझ्याकडे बघून नाक मुरडलं. निकाल वाईट आला. चिठ्ठी लिहिली, रजिस्टरात लिहिलं, आणि गोळ्या आजच दिल्या. महिनाभर उशिरा.

३० सप्टेंबर, मंगळवार. मुलचेरा

सगळी गावं झाली. तीनशे एकोणचाळीस चिठ्ठ्या. आठ पोरांनी हात दिला नाही.

हिस्टरीची जोडणी तोडली. जिची तिच्याजवळ. पाठवताना आता नोंदी आधी जातात. धुरपताच्या हिस्टरीतल्या सगळ्या ओळी काढल्या, तीनदा वर जायला काही ठेवलंच नाही. तिन्ही कमांड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवल्या आणि प्रत्येकीचा अर्थ सांगितला. चौथी आरएम, तीही लिहिली. हिचा अर्थ पुसणे, म्हटलं. ही दिसली तर माझं ऐकायचं नाही.

"एवढंच होतं?" ती म्हणाली. "दोन अक्षरं? मंग हे आठ महिने काऊन नाई सांगतलं जी?"

वेळ वाचावा म्हणून, असं म्हणणार होतो.

मग ती पहिली कमांड टाइप करायला बसली. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत. एक चुकलं, पुसलं, पुन्हा शोधलं. माझी शेवटची बस साडेचारची. चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. बाहेर कंडक्टरने पहिली शिट्टी मारली. ओळ पूर्ण झाली होती, बरोबर होती, मला इथून दिसत होती. मी पिशवी उचलली आणि म्हणालो, बरोबर आहे, दाब.

तिने हात कळेवरून मागे घेतला आणि कागदाकडे मान वळवली.

"थांबा जी," ती म्हणाली. "वाचू द्या."

मी पिशवी खाली ठेवली.